राखणार कोण, ते आधी सांग

प्रिय मुली,

तुझा निरोप दोनदा वाचला. उन्हाळ्यात तुम्ही रंगवलेल्या पाड्यावर तू दिवाळीनंतर परत गेलीस आणि भिंतींचे पापुद्रे सुटलेले पाहून आलीस, हे फार चांगलं केलंस. आता गटात दोन तट पडलेत. अर्ध्यांना तिथंच पुन्हा रंग मारायचाय, अर्ध्यांना हरिहर किल्ल्याच्या वाटेवरचा नवा पाडा घ्यायचाय. कुणाचं ऐकू, असं विचारतेस. कुणाचंच ऐकू नकोस. राखणार कोण, हे दोघांपैकी एकानंही विचारलेलं नाही.

तू जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला तुझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोलाचं वाटलं. त्या घरातली आजी म्हणाली, "रंग बरा व्हता, पन आता शेन बसत नाय." जरा इथं थांब. कुडाची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाचा लेप. वर गेरू, गेरूवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. पावसाळ्यात ती भिंत ओल पिते, कुठं कुठं झडते. पाऊस उघडला की वाळते आणि सणाच्या आधी घरातली बाई ती पुन्हा सारवते. तुम्ही पोचायच्या कितीतरी आधीपासून पाडा असा दरवर्षी नटत होता. त्याला लागणारं सगळं अंगणात आणि रानात होतं, आणि राखणारी घरातच होती. तुम्ही त्यावर डब्यातला तैलरंग चढवलात. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली, ती रंगामागं साठली आणि पापुद्रा सुटताना मातीही घेऊन आला. जिथं रंग अजून घट्ट आहे तिथं शेण धरत नाही. म्हणजे जी भिंत राखत होती, तिच्याच हातातून भिंत गेली. पापुद्र्यांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

तेव्हा दुसरा हात मारायचा विषय संपला. आजीची परवानगी घ्या, राहिलेला रंग खरवडा, माती कालवा आणि लेप कसा द्यायचा ते तिलाच सांगू दे. तुमच्यातल्या चित्रं काढणाऱ्या मुलांनी या वेळी माती वाहायची.

चित्रांचंही बोलते. वारली लग्नातला चौक, म्हणजे घराच्या भिंतीवरचं ते चौकोनी चित्र, हे कुठल्याही भिंतीवर साच्यानं उठवायचं नक्षीकाम नव्हे. तो सवाशिणी काढतात, त्यात पालघाट देवी बसते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. त्या चौकाला राखणाऱ्या बायका ठरलेल्या आहेत. बसथांब्याच्या शेडवर तो काढायचा हक्क आपल्याला कुणी दिला? शिवाय त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत. सरसकट सगळ्या पाड्यांवर वारली चित्रं काढत सुटणं म्हणजे तिथं कोण राहतं हेसुद्धा न विचारणं.

तुला वाटेल मावशी फार ताणते. हे मला नवं नाही. एका कंपनीनं आमच्या गटाला रंग, टी-शर्ट, जेवण, बस असं सगळं देऊ केलं होतं. अट एवढीच की एका रविवारात अख्खा पाडा रंगवून व्हायला हवा. मी विचारलं, पुढच्या वर्षी कोण येणार? उत्तर आलं नाही, म्हणून मी नाही म्हणाले. गट फुटला. अडेलतट्टू म्हणाले मला. जी मुलं तेव्हा गेली, त्यांच्यातली काही फार कामाची होती, डोंगर चढून दुपारी गावकऱ्यांच्या बरोबरीनं कुदळ मारणारी. ती आज कुठल्याच पाड्यावर जात नाहीत, याची हळहळ मला आजही आहे. पण तो रविवार पुन्हा समोर आला तरी मी नाहीच म्हणेन. एका दिवसात नटवलेला पाडा एका पावसाळ्यानंतर किती केविलवाणा दिसतो, ते तू आता स्वतः पाहिलंस. २०२७ च्या सिंहस्थाच्या नावानं त्र्यंबकच्या वाटेवर रंग घेऊन येणारे तुलाही भेटतील. त्यांना हाच प्रश्न विचार. ते चिडले तर चिडू देत.

नव्या पाड्यासाठी तू झाडांची यादी पाठवलीस. गुलमोहर काढून टाक. तो मादागास्करचा, इथं त्याची कमी नाही. मोह, जांभूळ, आंबा, हिरडा ठेव. खड्डे मे महिन्यातच घ्या आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा, म्हणजे मुळं धरायला अख्खा पावसाळा मिळेल. पण खरी परीक्षा फेब्रुवारीपासून पुढं. या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, कातळावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात बायका उतारावरच्या विहिरीतून हंडे वाहतात. तुझ्या झाडाला त्या हंड्यातलं पाणी कोण घालणार? पन्नास रोपं लिहिलीस. ज्या घरानं "हे माझं" म्हटलं त्या घरापुरती लाव, मग ती सात का होईनात. कुंपणाला निरगुडीच्या फांद्या खोचा. पावसात जीव धरतात आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत.

आणि अंजनेरी डोंगराच्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, बियांचे गोळे टाकायचा बेत रद्द कर, आजच. ते गवत म्हणजे मोकळी जागा नव्हे. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात तिथलीच. शास्त्राला तिची ओळख २००६ साली झाली, आणि ती त्या गवतातच उगवते.

मग करायचं काय, असं विचारशील. हातपंपाभोवतीचा चिखल बघितलास ना? तिथं शोषखड्डा घ्या. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल, तळाशी मोठे दगड, वर लहान. आधी एक छोटी कुंडी, गाळ अडायला. ती कुंडी वरचेवर उपसावी लागते, नाहीतर खड्डा तुंबतो. म्हणून पुन्हा तेच: उपसणार कोण, हे ठरल्याशिवाय कुदळ लावायची नाही. यात दाखवण्यासारखा फोटो निघत नाही, हे मला माहीत आहे. पण हंडा उचलताना बाईचा पाय चिखलात जात नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन रात्री. तो क्रम तुझ्या गटाला समजावून सांग.

ठरवायचं गावानं, तेही सरपंचाच्या ओटीवर चहा पिताना नव्हे. हा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा भाग आहे. १९९६ च्या त्या कायद्यानं पाड्यालासुद्धा स्वतःची ग्रामसभा भरवता येते. तिथं बायका बसलेल्या असताना विषय मांड, आणि राखणाऱ्यांची नावं त्यांच्याच तोंडून येऊ देत. नावं आली नाहीत तर निमूट परत ये. मुलं हिरमुसतील, तुझ्यावर रागावतील, काही सोडूनही जातील. तेव्हा मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

सभेची तारीख कळली की सांग. आदल्या दिवशी त्र्यंबकला मुक्कामाला येईन. मातीकामाला जुन्या साड्या लागतील, त्या मी आणते. खरवडायच्या पत्र्या आणि घमेली तुम्ही बघा, आणि आजीला विचारून ठेव की माती कुठली घ्यायची.

तुझी,
मावशी