हॉर्सटेलची पावडर केसांसाठी घ्यावी का? जपानमधली 'तोकुसा' म्हणजे हीच वनस्पती का?

हीच नाही, नात्यातली आहे. तुमच्या डबीत बहुधा इक्विसेटम आर्वेन्स असेल. जपानी लोक तिला सुगिना म्हणतात आणि शेतातलं तण म्हणून वैतागतात, पण वसंतात येणारे तिचे कोंब सोलून, शिजवून आवडीनं खातात. तोकुसा म्हणजे इक्विसेटम हायेमाले. ती लाकूड घासून गुळगुळीत करायला. आणि लाकूड म्हटलं की मला गप्प बसवत नाही, सुताराच्या घरातला आहे.

नागोयात नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या आजोबांच्या कुंपणाला ती होती. सरळसोट, पोकळ, हिरव्या कांड्या. पान म्हणावं असं काही नाही, फूल तर नाहीच. नख ओढलं की कानशीसारखी खरखर. सालीत सिलिका असते ना. आजोबा शरदात कापायचे (हायकूत 'तोकुसा कापणं' हे शरदाचंच लक्षण), उकळत्या पाण्यातून काढून वाळवायचे. वापरताना भिजवून उभी चिरायची, उलगडून फळकुटावर चिकटवायची. लाकडी फण्यांना शेवटचा हात असाच देतात. युरोपात हिनं कथिलाची भांडी घासायचे.

फोनवर अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "गवतानं लाकूड घासतोस? घोड्याला खरारा करतोयस काय?" चाळीस वर्षं पॉलिश पेपर वापरलेला माणूस! ते मनात राहिलं. सुट्टीत आलो तेव्हा सागाची एक फळी घेतली. एक टोक त्यांनी ४०० नंबरनं घासलं, दुसरं मी पेटीतल्या सुक्या जुडीनं. मग त्यांना डोळे मिटायला लावले. अण्णा बोटांवर विश्वास ठेवत नाहीत, फळी गालाला लावतात. दोन्ही टोकं लावली आणि म्हणाले, "हे माझं."

ते माझं होतं.

तर पावडर. केस वाढतात याचा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही, मी पैसे घालणार नाही. आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: हॉर्सटेलमध्ये बी१ जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असतं, ती खाऊन घोडे आजारी पडतात. दलदलीतली एक जात तर विषारीच आहे आणि दिसायला सुगिनासारखी. गरोदर असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यापेक्षा कुंडीत तोकुसा लावा (कुंडीतच, जमिनीत सोडली की पसरते) आणि घरातला पाट घासून बघा.

अण्णा अजून म्हणतात, तुझ्या बाजूचं लाकूड चांगलं होतं. अण्णा, फळी एकच होती.