एका ‘द’वरून एवढं भांडण?

प्रश्न: ताई, मी एमएला भाषाविज्ञान घेतलंय. सर वर्गात म्हणाले की इस्रायलबद्दलच्या १९६७च्या ठरावात इंग्रजीतला एक ‘द’ नाहीये म्हणून अजून वाद चालूये. मराठीत तर ‘द’ नसतोच, मग आपण तो ठराव वाचायचा कसा? आणि असल्या कायद्याच्या भांडणात भाषाविज्ञानवाल्यांना खरंच काही काम असतं का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: अगं असतं की! सर म्हणतात तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव २४२, तारीख २२ नोव्हेंबर १९६७. जूनच्या सहा दिवसांच्या युद्धात सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गोलान एवढं सगळं इस्रायलच्या ताब्यात गेलेलं, आणि ठरावात सैन्य मागे घ्या म्हटलं ते ‘फ्रॉम टेरिटरीज’ (प्रदेशांतून), ‘फ्रॉम द टेरिटरीज’ (त्या प्रदेशांतून) नाही. इस्रायल म्हणतं, बघा, ‘सगळ्या’ कुठे लिहिलंय? अरब देश म्हणतात फ्रेंच प्रत काढा, तिथे ‘दे तेरितुआर’ आहे.

आता ह्या ‘दे’ची गंमत बघ. एरवी फ्रेंचमध्ये ‘दे’ म्हणजे ‘ते ठरावीक’ पण होतं आणि ‘काही’ पण होतं, पण आधी ‘पासून’ अर्थाचा ‘द’ आला की (हा इंग्रजीतला ‘द’ नव्हे, गोंधळू नकोस) ‘काही’वाला ‘दे’ गळून पडतो आणि नुसतं ‘द तेरितुआर’ उरतं, ‘ते ठरावीक’वाला ‘दे’ मात्र टिकतो. म्हणजे व्याकरणाने फ्रेंच प्रत ‘त्या’ प्रदेशांकडेच झुकते.

पण इंग्रजीत ‘द’ नाही म्हणजे ‘काहीच’ हे पण खरं नाही हं. बागेत ‘डॉग्ज मस्ट बी केप्ट ऑन लीश’ अशी पाटी असली तर काही कुत्री मोकळी सोडली चालतील असं कोणी म्हणतं का? आणि आपलंच बघ, आई म्हणाली ‘भांडी घास’ आणि तू चार घासून उठलीस तर पाठीत धपाटा, पण ‘बाजारातून भांडी आण’ म्हणाली तर अख्खं दुकान उचलून आणत नाहीस. शब्द तोच, ठरवतो तो संदर्भ. ठरावात संदर्भ दोन्हीकडे ओढतो, प्रस्तावनेत युद्धाने भूमी मिळवणं मान्य नाही असं आहे, आणि खाली ‘सुरक्षित आणि मान्य सीमा’ पण आहे. भारत तेव्हा परिषदेवर होता, आपले प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी आम्ही याचा अर्थ पूर्ण माघार असाच घेतो असं मतदानाआधीच सांगून टाकलं, तर मसुदा मांडणारे ब्रिटनचे लॉर्ड कॅरडन नंतर म्हणत राहिले की ‘द’ मुद्दामच गाळला. माझ्या मते एकट्या ‘द’वर दोघांनाही जिंकता येत नाही.

कायद्यात याला नियम आहेत, देशादेशांतल्या करारांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या १९६९च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३१ आणि ३३, शब्दाचा नेहमीचा अर्थ, संदर्भ, हेतू, आणि दोन भाषांतल्या प्रती जुळत नसतील तर हेतू बघून मेळ घालायचा. ठराव म्हणजे करार नव्हे, त्यामुळे तिथे हे नियम जपूनच लावतात. लाग्रांड खटल्यात (वॉल्टर लाग्रांड या जर्मन नागरिकाच्या मृत्युदंडावरून जर्मनी विरुद्ध अमेरिका) मात्र हे सरळ चाललं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या घटनेत (तीही करारच) निकालाआधीच्या अंतरिम आदेशांबद्दल इंग्रजीत मऊ ‘ऑट’ (करणं योग्य) आणि फ्रेंचमध्ये कडक ‘द्वाव्ह’ (केलंच पाहिजे), २००१ला त्या न्यायालयाने हेतू बघून आदेश बंधनकारक ठरवले. तोवर वॉल्टर लाग्रांडला अमेरिकेत मृत्युदंड दिला त्याला दोन वर्षं उलटली होती.

प्रोजेक्ट करणार असशील तर रशियन प्रत घे, तिथेही आपल्यासारखंच, ‘द’-बिद काही नाही.