सारस: बगळा नव्हे, 'क्रेन' तर म्हणूच नये

प्रश्न : गोंदियाच्या सारसांवरच्या एकाच बातमीत 'सारस बगळा', 'सारस क्रेन' आणि 'सारस करकोचा' अशी तिन्ही रूपे दिसली. बरोबर कोणते? आणि 'सारस' म्हणजे 'रसाळ' असे शिक्षक सांगतात, ते खरे का?

शेवटून सुरुवात करतो, कारण ते लवकर आटोपते. 'सरस' म्हणजे रसासहित, चांगला. त्यात स आणि रस आहेत. 'सारस'मध्ये रस नाही, सरस् आहे. सरस् म्हणजे तळे. सरोवर, सरसिज, सरस्वती ही सगळी त्याच घरची मंडळी. तळ्याचा तो सारस, इतके सरळ आहे.

आता 'सारस क्रेन'. 'क्रेन' हे सारसाच्या कुळाचे इंग्रजी नाव. ही संस्कृतची हिंदीमार्गे इंग्रजीत गेलेली आणि तिथून आपल्याकडे परत आलेली उसनवारी आहे. गोऱ्या शिकाऱ्यांना 'सारस' उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचे 'सायरस' केले, काहींनी तर 'सीरियस'. त्यांची जीभ वळत नव्हती हे समजू शकते. आपल्याला काय झाले? घरचा शब्द विलायतेहून शेपूट लावून आला की तो शास्त्रीय ठरतो, असा काहीतरी समज दिसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सारसांची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर बातम्या वाढल्या आणि हे 'क्रेन'ही वाढले.

'सारस बगळा' मात्र निव्वळ चूक. बगळा उडताना मान मुडपून इंग्रजी एससारखी करतो, सारस ती ताठ पुढे ठेवतो. बगळ्याचे मागचे बोट लांब असते, त्याने फांदी पकडता येते. सारसाचे ते बोट आखूड आणि वर चढलेले असते, त्यामुळे तो झाडावर बसूच शकत नाही. हा फरक केवळ शब्दकोशापुरता नाही. बगळा समजून सारसासाठी तळ्याकाठी झाडे लावली तर त्याला त्यांचा उपयोग शून्य. त्याला हवे असते उथळ पाणी. पावसाळ्यात तो बोडीत (लहान तळ्यात) किंवा धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) गवत, काड्या आणि धानाची रोपे ओढून ढीग रचतो आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालतो. नर-मादी आळीपाळीने महिनाभर, थोडे जास्तच, ती उबवतात. पाणी हळूहळू चढले तर जोडी ढिगावर भर घालून तो उंच करते. एका रात्रीत चढले तर अंडी बुडतात, आणि धुरा (शेताचा बांध) फोडून बांधी कोरडी केली तर कुत्री थेट घरट्यापर्यंत पोचतात. म्हणजे शेतकऱ्याला सांगायचे ते एवढेच : घरट्याभोवतीची रोवणी तेवढी सोडा आणि पाण्याची पातळी महिनाभर एकदम हलवू नका.

बगळ्याच्या बाबतीत आपण एकटेच चुकलो असेही नाही. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये सारसाला नाव दिले 'आर्डिया अँटिगोनी', आणि आर्डिया ही बगळ्यांची प्रजाती. पुढे तो तिथून काढला, पण अँटिगोनी राहिली. ही ग्रीक पुराणातली अँटिगोनी, पण इडिपसची मुलगी नव्हे. ट्रॉयचा राजा लाओमेडॉन, त्याची मुलगी. हेरा देवीने तिला शाप देऊन पक्षी केले, आणि तो पक्षी होता करकोचा! एका पक्ष्याच्या नावात बगळाही आला, करकोचाही आला. सारस तेवढा राहून गेला.

अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश याहून फार स्वच्छ आहे. 'क्रुङ् क्रौञ्चोऽथ बकः कह्वः पुष्कराह्वस्तु सारसः'. एका ओळीत तिघे, तीन वेगळ्या खुंट्यांना टांगलेले. पुष्कराह्व म्हणजे ज्याला कमळाचे नाव आहे तो.

आणि इथेच माझे कोशकारांशी भांडण आहे. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते मोनियर-विल्यम्स क्रौंच म्हणजे 'कर्ल्यू' म्हणतात, म्हणजे वाकड्या चोचीचा चिखलपक्षी. इतर अनेक जण क्रौंच म्हणजे हिवाळ्यात येणारा, सारसाच्याच कुळातला करडा कुलंग धरतात. दोघांनीही 'मा निषाद' हा रामायणातला क्रौंचवधाचा श्लोक पाठ केला, आजूबाजूच्या ओळी वाचल्या नाहीत. वाल्मीकी मारल्या गेलेल्या नराला 'ताम्रशीर्ष' म्हणतात. तांबड्या डोक्याचा! कर्ल्यूच्या अंगावर तांबडे काही नाही. कुलंगाच्या टाळूवर जेमतेम ठिपका. टाळू सोडून सगळे डोके आणि मानेचा वरचा भाग लालभडक असलेला पक्षी सारसच. दुसरे, ती जोडी 'काममोहित' होती. कर्ल्यू आणि कुलंग दोघेही विणीसाठी दूर उत्तरेला जातात, गंगेच्या खोऱ्यात फक्त हिवाळा काढतात. ही गोष्ट घडली त्या तमसा नदीच्या काठी जोडीने संसार थाटणारा या कुळातला पक्षी एकच.

मग अमरकोशाने दोघे वेगळे का सांगितले? माझ्या मते एक नाव घरावरून पडले आणि एक आवाजावरून. सारसाची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते, तुतारीच ती. तो आवाज एकदा कानी पडला की 'क्रुङ्' कुठून आले हे कोणाला विचारावे लागत नाही. कवीने ऐकले ते नाव लिहिले. पुढच्या काळात ते नाव आवाज करणाऱ्या सगळ्याच भाऊबंदांत वाटले गेले, आणि कोशकाराला दोन शब्द मिळाले म्हणून त्याने दोन पक्षी केले. हे कोणाला मान्य नसेल तर नसो. 'ताम्रशीर्षेण'चे उत्तर मात्र द्यावे.

राहिला करकोचा. नाडीचा कमरेवर पडतो तो करकोचा वेगळा. पक्ष्याचा करकोचा मला कर्करेटु (संस्कृतातले एका पक्ष्याचे नाव) आणि क्रौंच यांच्या सरमिसळीतून आलेला वाटतो, म्हणजे मुळात तो सारसाच्याच भाऊबंदांचा शब्द. 'कांड्या करकोचा' अजून त्याच अर्थाने चालतो. पण बोलीत तो लाल-पिवळ्या चोचीच्या, झाडावर वसाहत करणाऱ्या, चोच खटखटवणाऱ्या पक्ष्यांना चिकटला, आणि पक्षीसूचींनी मग त्यांना 'बलाक' म्हणायला घेतले. अमरकोशातली बलाका 'बिसकण्ठिका', कमळदेठासारख्या बारीक मानेची. चित्रबलाकाची जाड मान आणि ती अवजड चोच पाहून हा शब्द कोणाला सुचला असेल, देव जाणे.

तेव्हा 'सारस करकोचा' हे तिघांत कमी वाईट, पण 'आंब्याचे फळझाड' म्हणण्यासारखे. नुसते सारस लिहा. एक सारस, दोन सारस, सारसांची जोडी. मादीसाठी 'सारसी' बनवायची गरज नाही, अमरकोशाने शब्द देऊन ठेवला आहे : 'सारसस्य तु लक्ष्मणा'.