लव्हबर्ड दोन दिवस पिसं फुगवून बसलाय, पण खातोय. थांबून बघू का?

थांबू नका. आधी दाण्याच्या वाटीत फुंकर मारा. लव्हबर्ड राळ्याचा दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथंच टाकतो, त्यामुळं वाटी भरलेली दिसते आणि आत दाणाच नसतो. आजारी पक्षी तर नुसता दाणा चोचीत घोळवतो, पोटात काही जात नाही. म्हणून ‘खातोय’ यावर मी विसंबत नाही, काट्यावर ठेवतो. कोल्हापुरात गुजरीतल्या सोनाराचा असतो तसला काटा नको, एक-एक ग्राम दाखवणारा स्वयंपाकघरातला पुरे. लव्हबर्ड साधारण 50 ग्रामचा असतो. त्यातले 5 ग्राम उतरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तुमचा पक्षी नक्की कोणता तेही बघा. आपल्याकडं लव्हबर्ड म्हणून सर्रास बजरीगर विकतात. लांब शेपटीचा, सडपातळ, 30-40 ग्रामचा तो ऑस्ट्रेलियाचा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटी आणि जाड चोच. आजाराची लक्षणं बरीचशी सारखीच, वजनाचा हिशोब मात्र वेगळा.

माझी पहिली मादी मी दोन दिवस वाट बघण्यातच घालवली. जुलैची झड लागली होती. ती पिंजऱ्याच्या तळाला येऊन बसली, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली. दुकानदारानं पिवळी पावडर दिली, ती मी पाण्यात घालत बसलो. तिसऱ्या दिवशी गेली. पोटात अंडं अडकलं होतं, त्याला पावडर काय करणार? कॅल्शियम कमी पडलं की असं होतं, आणि नर नसला तरी मादी अंडी घालते. आता पिंजऱ्यात समुद्रफेस कायम टांगलेला असतो आणि पावसाळ्यात घरट्याचं मडकं पिंजऱ्यातून काढून ठेवतो. मडकं दिसलं की त्यांना अंड्यांची घाई होते. उघडीप मिळाली की कोवळं ऊन दाखवतो, पण काचेआडून नाही. कॅल्शियम अंगी लागायला जे ऊन लागतं ते काच अडवते.

सकाळी पिंजऱ्याखालचा ‘पुढारी’ बदलताना विष्ठा बघायची सवय लावा. हिरवी किंवा तपकिरी वळी, त्यावर पांढरं, भोवती थोडं पाणी, हे ठीक. काकडी खाल्ली की पाणी वाढतं, त्याला घाबरू नका. पांढऱ्याच्या जागी पिवळं-हिरवं दिसलं तर यकृताचं दुखणं असू शकतं, सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजारही. तो माणसालाही होतो. घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला असेल तर तुमच्या डॉक्टरला पक्षी पाळल्याचं सांगा.

चोचीच्या मुळाशी चुन्यासारखी खरबरीत पापडी आली तर ती बहुतेक किडीची, आणि बजरीगरला जास्त होते. तेलं फासू नका, डॉक्टर औषध देतात.

बाकी काळजी साधी आहे. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातून राळं थोडं-थोडंच आणा, दमट झालं की बुरशी धरते आणि ती फुप्फुसात जाते. पिंजरा स्वयंपाकघरात नको. तांबड्या रश्शाच्या फोडणीनं आपल्यालाच ठसका लागतो, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. ॲव्होकॅडो, चॉकलेट देऊ नका. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

आज रात्री पिंजरा तीन बाजूंनी झाका आणि एका बाजूला 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब बाहेरून लावा, म्हणजे गरम वाटलं तर त्याला सरकता येईल. एलईडीची ऊब पुरत नाही. सकाळी पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडं न्या, आणि आजचा विष्ठेचा कागद घडी घालून बरोबर घ्या. पक्ष्याआधी ते तोच बघतात.