एका युनिटाला किती सातोशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम खात्यात 'पडून' आहे आणि त्यातून घरी बिटकॉइन मायनिंग (बिटकॉइनच्या व्यवहारांच्या नोंदी पक्क्या करणारं यंत्र चालवून बदल्यात नाणी मिळवणं) सुरू करायचंय. नवं अँटमायनर एस२१ घ्यावं, वापरलेलं एस१९ घ्यावं, की बिटॅक्ससारखी दोन-चार छोटी यंत्रं? कॅल्क्युलेटरवर चौदा महिन्यांत पैसे वसूल दिसताहेत, आणि एस१९ साठी तुम्ही इसारही देऊन बसला आहात.

सहा महिन्यांचा खर्च म्हणजे अडीअडचणीची गंगाजळी. याखेरीज तेवढीच रक्कम दुसरीकडे बाजूला नसेल, तर मशिन कोणतंही असो, माझं उत्तर नाही असंच आहे. ती रक्कम वेगळी आहे असं धरून पुढचं लिहितो.

मशिनची तुलना करताना लोक टेराहॅश, म्हणजे आकडेमोडीचा वेग, बघतात. घरी चालवणाऱ्याने बघायचा आकडा दुसराच आहे: एक युनिट वीज जाळली की किती सातोशी हाती येतात. (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी.) हिशेब सोपा आहे. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (साधारण चार वर्षांनी मायनरचं बक्षीस निम्मं होतं, ते हाविंग) प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे जगभरच्या सगळ्या मायनर्सना मिळून ४५० बिटकॉइन. वर व्यवहारांचं शुल्क असतं, पण ते रोज बदलतं, म्हणून मी ते धरत नाही. २०२५ मध्ये बिटकॉइन नेटवर्कची एकूण ताकद एक झेटाहॅशच्या, म्हणजे शंभर कोटी टेराहॅशच्या आसपास पोचली. हिशेबाला तोच आकडा घेऊ.

एस२१ ची ताकद २०० टेराहॅश. त्याच्या वाट्याला दिवसाला सुमारे ९,००० सातोशी येतात. ते ३,५०० वॅट खातं, म्हणजे दिवसाला ८४ युनिटं. युनिटामागे १०७ सातोशी झाले. एस१९ घ्या: ९५ टेराहॅश, ३,२५० वॅट, रोज ७८ युनिटं आणि सुमारे ४,२७५ सातोशी. युनिटामागे जेमतेम ५५. एकेकाळी घरोघरी घुमणाऱ्या एस९ चा आकडा तर १९ च्या आसपास येतो. कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

आता तुमचं वीजबिल काढा. कर धरून शेवटच्या स्लॅबचा एक युनिट तुम्हाला कितीला पडतो ते बघा, कारण मशिनची सगळी वीज त्याच स्लॅबमध्ये चढणार. तेवढ्याच पैशात आज एक्स्चेंजवर किती सातोशी मिळतात? समजा ८० मिळत असतील, तर एस१९ दर तासाला तुमचा तोटा करतंय, कारण ८० सातोशींची वीज जाळून ते ५५ देतंय. एस२१ नफ्यात दिसेल, पण त्या २७ सातोशींच्या फरकातूनच पूलचं (मिळून मायनिंग करून कमाई वाटून घेणाऱ्या गटाचं) शुल्क, दुरुस्ती आणि मशिनची किंमत निघायला हवी.

तुमच्या कॅल्क्युलेटरची गोम इथेच आहे. तो आजचा दिवस चारशेवीस वेळा गिरवतो. प्रत्यक्षात दर २,०१६ ब्लॉकनी, साधारण दोन आठवड्यांनी, डिफिकल्टी (ब्लॉक शोधणं किती कठीण ते) नेटवर्कच्या ताकदीनुसार नव्याने ठरते. नेटवर्क महिन्याला तीन टक्क्यांनी वाढत गेलं, तर बाराव्या महिन्यात पहिल्या महिन्याच्या ७२ टक्केच सातोशी मिळतील, आणि वीज मात्र तेवढीच जळेल. २०२८ च्या सुमाराला पुढचं हाविंग आहे, तेव्हा १०७ चे एका रात्रीत ५३ होतील. भाव वाढला तर भरपाई होईल, खरंय. पण भाव वाढणार याची तुम्हाला खात्री असेल तर थेट बिटकॉइनच का घेत नाही? मशिन घेणारा दोन पैजा एकदम लावतो: नाण्याचा भाव चढेल, आणि आपलं मशिन स्वस्त विजेवर चालणाऱ्या मोठ्या फार्मपुढे टिकेल. दुसरी पैज घरगुती दराच्या विजेवर जिंकणं फार कठीण.

छोट्या यंत्रांची गंमत वेगळीच. १.२ टेराहॅशचं बिटॅक्स १८ वॅटच्या आसपास खातं, युनिटामागे सव्वाशे सातोशी, म्हणजे काटकसरीत एस२१ च्याही पुढे. पण दिवसाची एकूण कमाई ५४ सातोशी! एकट्याने ब्लॉक शोधायचा म्हटलं तर सरासरीने सोळा हजार वर्षांतून एकदा. छंद म्हणून जरूर घ्या, शिकायला मिळेल; फक्त तो खर्च करमणुकीच्या खात्यात लिहा.

एस२१ घरात ठेवायचं म्हणजे काय, तेही सांगतो. ७५ डेसिबलच्या आसपास आवाज, चोवीस तास. साडेतीन किलोवॅटचा हीटर कधीच बंद न होणारा. सोळा अँपिअरच्या प्लगवर एवढा भार सतत ठेवणं धोक्याचं आहे. वेगळी लाइन ओढून घ्यावी लागेल, तोही खर्च धरा. थंड हवेत ती उष्णता खोली तापवायला उपयोगी पडत असेल तर हिशेब थोडा सुधारतो. छतावरच्या सोलरची जादा वीज आहे म्हणालात, पण ती ग्रिडला विकून पैसे मिळत असतील तर ती फुकट नाही. शिवाय सोलरवर मशिन दिवसाचे पाच-सहा तास चालणार आणि जुनं मात्र चोवीस तासांच्या वेगानेच होणार.

शिवाय ही मशिनं एकच काम करतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोचलनाने मायनिंग बंद केलं, तेव्हा ग्राफिक्स कार्डांवर ते करणाऱ्यांना निदान गेम खेळणारं गिऱ्हाईक तरी होतं. जुन्या एसिकला, म्हणजे फक्त मायनिंगसाठी बनलेल्या अशा मशिनला, दुसऱ्या मायनरशिवाय कोण विचारतो?

तर माझा सल्ला असा. तिन्हींपैकी मोठं काहीच नको. बिटकॉइनवर विश्वास असेल तर एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांच्या आत, दरमहा थोडं थोडं थेट विकत घ्या. हौस फिटत नसेल तर एक बिटॅक्स. तुमच्याकडे मायनिंगच्या उत्पन्नातून वीजखर्च वजा करू देतात का, हे करसल्लागाराला विचारल्याशिवाय मोठ्या मशिनचा विषयही काढू नका.

इसाराचं काय? आधी परत मागून बघा. विक्रेता अडून बसला, तर पूलच्या नोंदीतला सलग चोवीस तासांचा हॅशरेट (टेराहॅशमधला वेग) आणि प्लगला मीटर लावून मोजलेले वॅट मागा. बोललेले आकडे भरले नाहीत, तर पैसे परत मागायला तेवढं कारण पुरेसं आहे. आणि भरले, तर इसार सोडून द्या. एस१९ रोजची ७८ युनिटं जाळत राहील, त्यापुढे ती रक्कम किती दिवसांची आहे हे तुमच्या बिलावरूनच मोजून बघा.