परभणीत आम्ही पाच-सहा जण मिळून मॉडेल रेल्वेचा लेआउट करतोय, पण कायमची जागा नाही. कसं जमेल?

जागेसाठी थांबू नका, लेआउट तुकड्यांत बांधा. प्रत्येकाने आपापल्या घरी चार बाय दोन फुटांचा एक तुकडा करायचा आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये सगळे जोडायचे. वरचा देखावा ज्याचा त्याचा, टोकांची मापं मात्र सगळ्यांची एकच हवीत. आम्ही जालन्यात ती तोंडीच ठरवली होती. पहिल्यांदा जोडलं तेव्हा एका सांध्यावर रूळ दोन मिलिमीटर सरकलेला, इंजिन दर फेरीला तिथेच उतरायचं. मग प्लायचा एकच साचा कापला आणि बोल्टची भोकं सगळ्यांनी त्यावरूनच पाडली.

स्केल एचओ घ्या, म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर तेवढं. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर त्या प्रमाणात १९ च्या पुढे जातात, त्यामुळे रूळ जरा अरुंद दिसतो. चालतंय. मला विचाराल तर एक तुकडा १२ मिलिमीटरच्या रुळावर पूर्णा-परभणीच्या जुन्या मीटरगेजचा कराच, घरातली म्हातारी माणसंही बघायला येऊन बसतील.

आपल्याकडचं ऊन विसरू नका. तापमान तीस अंशांनी वाढलं की मीटरभर रूळ अर्धा मिलिमीटर लांबतो. हिवाळ्यात रूळ टाकताना सांध्यात पोस्टकार्ड घालून फट ठेवा, नाहीतर मे महिन्यात रूळ वाकलाच म्हणून समजा. आणि गाडी सोडण्याआधी दरवेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रूळ पुसा. धूळ बसली की वीज चाकापर्यंत पोचत नाही.