वाहाकात दिवाळी: क्लासही बुडवू नका, फराळही सोडू नका

प्रश्न: आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं २०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोत वाहाकाला स्पॅनिश शिकायला जातोय. दिवाळी तिथेच येते. क्लासचे दिवस मोडून दिवाळी करावी का, की यंदा सोडून द्यावी? फराळाचं सामान तिथं मिळतं का?

दिवाळी करा. आणि क्लासचा एकही दिवस मोडू नका, तशी गरजच पडत नाही. सहसा मी अशा प्रश्नांना उत्तर देत नाही, पण हा वाचून राहवलं नाही. कारण आम्ही निघालो तेव्हा आमच्या थोरल्या भावजींनी हेच विचारलं होतं: "भाषा शिकायला चाललायसा, की फराळ तळायला?" नवी भाषा यायची असेल तर घरची भाषा, घरचा सण, घरचं जेवण सगळं बाजूला ठेवावं लागतं, असं त्यांचं ठाम मत. बेळगावात आयुष्य काढलेल्या माणसानं हे म्हणावं, याचा मला अजून राग आहे. शहापूरच्या घरात मराठी, कचेरीत आणि बसच्या पाटीवर कन्नड, खानापूरकडच्या पाहुण्यांत कोकणी, गॅरेजात दख्खनी हिंदी. यातली कुठली भाषा आपल्याला दुसरी बंद करून आली? सगळ्या बाजारात आल्या, भाव करताना आल्या, सणाला शेजारी ताट पोचवताना आल्या. वाहाकात स्पॅनिशही तशीच येते.

आता सामान. वाहाकाला दिवाळी करणं युरोपातल्या कुठल्याही गावापेक्षा सोपं आहे, कारण आपल्या सणाचं निम्मं सामान मुळात तिथलंच आहे. झेंडू मेक्सिकोचा. तिथं त्याला सेम्पासूचिल म्हणतात. १ आणि २ नोव्हेंबरला तिथं मृतांचा दिवस असतो, त्याआधी आठवडाभर बाजार या फुलांनी भरून जातो. जोडीला कोंबड्याच्या तुऱ्याची लाल फुलं असतात आणि पूजेच्या कमानीसाठी उसाच्या उभ्या कांड्या विकायला येतात. आपल्या गणपत गल्लीत दिवाळीच्या आदल्या दिवशी जे दिसतं, तेच तिथल्या आबास्तोसच्या बाजारात दिसतं. फरक एवढाच की झेंडू तिथं किलोवर सुटा मिळत नाही, लांब देठांच्या जुड्या मिळतात. तोरणासाठी देठ दोन सेंटिमीटर ठेवून फुलं तोडा, अगदी बुडाशी तोडलीत तर दोऱ्यात पाकळ्या सुटतात.

२०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तिथली गर्दी ओसरल्यावर. ऊस ३१ ऑक्टोबरच्या आसपास घेऊन सावलीत उभा करून ठेवा, आठ दिवस त्याला काही होत नाही. फुलं मात्र तेव्हा घेऊन ठेवू नका. रविवारी वाहाकाजवळच्या त्लाकोलुला गावचा आठवडी बाजार असतो आणि ८ तारखेला रविवारच आहे. सकाळी जाऊन आणा.

तिथीचा घोळ बरेच जण घालतात. वाहाका भारताच्या साडेअकरा तास मागे आहे, आणि २०२२ पासून मेक्सिकोनं घड्याळं पुढे-मागे करणं सोडल्यामुळे हा फरक वर्षभर तेवढाच राहतो. घरी पूजा चालू असताना व्हिडिओ कॉलवर हात जोडायला हरकत नाही, पण तेव्हा तुमच्याकडे सकाळचे सात वाजलेले असतात. पूजा तिथल्या सूर्यास्ताला करा. अमावास्या कुठल्या संध्याकाळी आहे ते तिथल्या वेळेत मोजा, कारण तारीख कधी कधी बदलते. २०२४ ला महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिलं होतं, पण वाहाकात अमावास्या १ तारखेच्या सकाळीच संपत होती. तिथली पूजेची संध्याकाळ ३१ ऑक्टोबर.

बेळगावहून काय न्यावं? चकलीची भाजणी दळून दोन किलो, घट्ट पिशवीत, विमानतळावर जाहीर करून. सोऱ्या, पण पितळी नको, वजन खातो. वेलदोडे, ओवा, हिंग, उटणं. पातळ पोहे एक किलो. कढीपत्ता तिथं मिळत नाही आणि ताजा नेऊ नये. तळून, चुरून चिवड्याच्या मसाल्यात मिसळून न्या. खसखस अजिबात नेऊ नका. मेक्सिकोत खसखस आणायला कायद्यानं बंदी आहे, करंजीच्या सारणापायी कस्टममध्ये अडकाल. सारणात तिळकूट घाला. मिक्सरही नेऊ नका. तिथली वीज १२७ व्होल्टची आहे, आपला मिक्सर नुसता घरघरतो. तिथल्या लिकुआदोरात, म्हणजे तिथल्या मिक्सरात, कोरडं वाटण चांगलं होतं.

बाकीचं तिथंच मिळतं. गुळाला पिलोन्सियो घ्या, शंकूच्या आकाराचा, दगडासारखा कडक असतो, किसणीवर वेळ घालवू नका, कापडात गुंडाळून बत्त्यानं फोडा. सुकं खोबरं, पिठीसाखर, बेदाणे, मैदा यासाठी 'मातेरियास प्रिमास' अशी पाटी असलेली दुकानं शोधा, बेकरीवाल्यांना सामान देणारी. खोबरं साखर न लावलेलं मागून घ्या. तळायला कार्तामोचं तेल मागा, ते आपलं करडईचंच. राजगिऱ्याचे लाडू करत बसू नका. लाह्यांची गुळातली वडी तिथं गल्लोगल्ली आलेग्रीया नावानं मिळते आणि आपल्यापेक्षा बरी असते. तूप घरी कढवा, बिनमिठाच्या एक किलो लोण्याचं साधारण पाऊण किलो होतं. लोण्याच्या पाकिटावर मान्तेकिया लिहिलेलं हवं. नुसतं मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. शाकाहारी असाल तर पाव आणि घोटलेला राजमा घेतानाही विचारा, त्यातही ती असते.

आता जिथं फराळ बिघडतो ते. वाहाका समुद्रसपाटीपासून साधारण १५५० मीटरवर आहे, बेळगाव ७५० च्या आसपास. तिथं पाणी ९५ अंशांनाच उकळतं. थर्मामीटरवर पाक बघायची सवय असेल तर घरचा आकडा तिथं चालत नाही, तेवढ्या अंशाला पाक पुढे गेलेला असतो आणि रव्याचे लाडू दगड होतात. बोटांत तार बघा, तीच खरी. चकलीचं पीठ वाटीला वाटीभर उकळतं पाणी आणि चमचाभर कडकडीत मोहन या मापानं भिजवा. ऑक्टोबरअखेर तिथं पाऊस संपून हवा कोरडी झालेली असते, पीठ दहा मिनिटांत वरून सुकतं आणि सोऱ्यातून तुटक पडतं. म्हणून दोन-दोन वाट्यांचंच भिजवा आणि ओल्या फडक्याखाली ठेवा. तुटते म्हणून मोहन वाढवायला जाऊ नका. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते. तुटत असेल तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, एवढंच.

आणि एवढं सगळं जमणार नसेल तर फक्त कुंदा करा. बेळगावच्या माणसानं परदेशात कुंदा करावा हे माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण त्याला दूध, दही, साखर आणि वेलदोडा यापलीकडे काही लागत नाही. दोन लिटर दूध घ्या. पाकिटावर लेचे एन्तेरा, म्हणजे साय न काढलेलं दूध, असं लिहिलेलं हवं. देस्लाक्तोसादा लिहिलेलं घेऊ नका, त्यातली दुधाची साखर आधीच फोडलेली असते, दूध लवकर लाल होऊन खाली लागतं. फॉर्मुला लाक्तेआ तर दूधच नव्हे, त्यात वनस्पती तेल असतं आणि कितीही आटवलं तरी दाणा पडत नाही. रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात दूध निम्म्यावर आणा. मग तीन चमचे गोड दही, चमच्या-चमच्यानं. दूध फाटल्यासारखं दिसेल, बारीक दाणे उतरतील. तेच हवंय. दही आधी घातलंत किंवा जास्त झालं तर पनीरसारखे चिवट गोळे होतात आणि आंबटपणा राहतो. आता दीडशे ग्रॅम साखर घालून ढवळत राहा. दुसऱ्या छोट्या कढईत शंभर ग्रॅम साखर कोरडीच वितळवा, मधासारखी लालसर झाली की लगेच दुधात ओता, हात लांब ठेवून, कारण फसफसून वर येतं. साखर काळी होऊ दिलीत तर कडू. थंड होऊ दिलीत तर काचेसारखे तुकडे होतील, मग ते विरघळेपर्यंत पुन्हा आटवत बसावं लागतं. कडेनं सुटायला लागलं की वेलदोडा घालून उतरवा. गरम असताना थोडं सैल वाटलं पाहिजे, गार झाल्यावर घट्ट होतं. तिथल्या लोकांना काखेता, म्हणजे शेळीच्या दुधाचं आटवलेलं गोड, माहीत असतं. त्यामुळे कुंदा त्यांना परका वाटत नाही, पहिल्या घासातच विचारतात, कसा केला? आणि मग तुम्हाला स्पॅनिशमध्ये सांगावंच लागतं.

भावजींना माझं उत्तर इथंच आहे. आठवड्याच्या सुरुवातीला शिक्षिकेला सांगा की या आठवड्याचा विषय दिवाळी. सकाळी क्लास, दुपारी बाजार. पाककृती सांगताना आज्ञार्थ घोटला जातो: मिसळा, ढवळा, तळा. आमच्याकडे दिवाळीत काय काय करायचो हे सांगताना इम्परफेक्तो, म्हणजे सवयीचा भूतकाळ, येतो, ज्याच्यावर इंग्रजीतून शिकणारे महिनोन् महिने अडखळतात. मराठी माणसाला तो जड जाऊ नये. 'गेलो' आणि 'जायचो' यातला फरक आपण जन्मापासून बोलतो, स्पॅनिशमध्येही भूतकाळाचे तसेच दोन रस्ते आहेत. 'मला लाडू आवडतात' यात क्रियापद लाडवांमागे जातं, त्यांच्या गुस्तारचंही, म्हणजे 'आवडणे'चंही, तसंच. तू आणि तुम्ही त्यांच्याकडेही आहे. शिकताना मराठी डोक्यात जागी ठेवा, इंग्रजी बाजूला ठेवा. घरात मुलांशी मराठी बोलणं बंद केलंत तर हा आधारच काढून घ्याल. दोन महिने आपसात मोडकं स्पॅनिश बोलून एकमेकांच्या चुका तेवढ्या पक्क्या होतात.

मुलांना किल्ला करू द्या. पातीओत, म्हणजे घराच्या अंगणात, माती आणि विटा मिळतात, बघायला शेजारची पोरं येतात आणि त्यांना मावळे कोण, बुरूज कशासाठी हे सांगण्यात जेवढं स्पॅनिश येतं तेवढं वहीतून येत नाही. शेजाऱ्यांना मात्र आधी एक गोष्ट सांगून ठेवा. रस्त्यापासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या टाकणं म्हणजे तिथं घरच्या मृतांना वाट दाखवणं. तुम्ही लक्ष्मीची पावलं रांगोळीनं काढा, पाकळ्यांची वाट काढू नका.

थोडं सांभाळायचं. पणत्या म्हणून मिळणाऱ्या झिलईच्या मातीच्या वाट्यांच्या झिलईत शिसं असू शकतं. दिव्याला चालतील, त्यात चटणी किंवा चिंचेचं काही ठेवू नका. खायच्या भांड्यावर 'सिन प्लोमो', म्हणजे बिनशिशाचं, असं लिहिलेलं बघा. दिव्यात तिथलं तिळाचं तेल घालू नका, ते भाजलेल्या तिळांचं असतं, घरभर जळका वास सुटतो. वाती औषधाच्या दुकानातल्या कापसाच्या करा. पाणी गच्चीवरच्या टाकीतलं असतं आणि टंचाई नेहमीची, म्हणून अभ्यंगस्नानाला चौघांनी एकापाठोपाठ आंघोळ करायच्या आधी आदल्या रात्री टाकी बघा आणि पहाटे गॅसचा बॉयलर अर्धा तास आधी पेटवा. फटाके भाड्याच्या घरात उडवू नका, मालक चिडतात आणि अनामत जाते.

तळणीचं तेल मोरीत ओतू नका. बाटलीत भरून झाकण लावून टाका.

शाळेनं दिलेल्या कुटुंबाच्या घरात राहणार असाल तर यातलं फारसं काही होणार नाही. जेवण तेच देतात, स्वयंपाकघर त्यांच्या बाईंचं असतं आणि सकाळी सातला त्यात दुसऱ्या कुणी कढई चढवलेली चालत नाही. त्या घरात कुंदा एवढाच करा, तोही त्यांना सोबत घेऊन. बाकी फराळ करायचा तर वेगळं घर घ्या. शेगडी किती बर्नरची, बॉयलर चालतो का आणि पातीओ मोकळा आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. ऑक्टोबरअखेरीस वाहाका पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा घर पावसाळ्यातच ठरवून टाका.